लिफ्टची सरासरी चूक : शून्य

सकाळी सव्वानऊ वाजता एचएसआर लेआउटमधल्या मंदार एन्क्लेव्हच्या पाचव्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडले आणि श्यामलाबाई करमरकरांचा वॉकर अडखळला. लिफ्ट मजल्यापेक्षा चार बोटे वर थांबली होती. श्यामलाबाई पडल्या नाहीत. एका हाताने त्यांनी दाराची चौकट धरली आणि दुसऱ्या हाताने सुनेचा, भार्गवीचा, दंड धरला. वॉकर मात्र हातातून सुटून लिफ्टमध्ये आडवा झाला, दार बंद झाले आणि तो एकटाच खाली गेला. तळमजल्यावर दार उघडल्यावर सुरक्षारक्षकाने आतल्या रिकाम्या वॉकरला सवयीने सलाम केला, आणि मग तो घाबरून जिन्याने पाच मजले वर पळाला.

घटना एवढीच. कुणाला खरचटलेही नाही. पण त्या संध्याकाळी श्यामलाबाई खाली गेल्या नाहीत, दुसऱ्या संध्याकाळीही गेल्या नाहीत.

खाली जाणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. इमारतीच्या मागच्या बाजूला होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे. खुब्याचे ऑपरेशन झाल्यावर मुलाने साताऱ्याहून बंगळुरूला आणल्यापासून श्यामलाबाई रोज संध्याकाळी त्या बाकावर बसत. शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या तुंगाबाई. तुंगाबाईंचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पण घरात मराठी. त्यांच्या मराठीत कन्नड इतके मिसळलेले, की सुरुवातीला श्यामलाबाईंना अर्धे हातवाऱ्यांवरून समजून घ्यावे लागे. आता लागत नाही. सून कामावर आणि मुलगा घरात असूनही कानाला हेडफोन लावून, अशा दिवसात तो तासभरच श्यामलाबाई पुरेशा बोलत.

तिसऱ्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मी साताऱ्याला जाते. तिथलं घर तळमजल्यावर आहे."

"एकटी राहणार?" सुशांतने विचारले.

"इथं काय जत्रेत आहे?"

सुशांत करमरकर एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात आहे. इतरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून त्यांना त्या सभ्य भाषेत कळवणे, हा त्याचा व्यवसाय. साताऱ्याचे रिकामे घर, न्हाणीघराचा ओला दगड आणि आईचा वॉकर हे तिन्ही त्याच्या डोळ्यांपुढे एकदम उभे राहिले आणि तो बोलून गेला, "आई, पंधरवडाभर थांब. लिफ्ट मी नीट करून घेतो."

हे वाक्य पुढे त्याला बऱ्याच जणांनी ऐकवले.

पहिली तक्रार त्याने लिफ्ट कंपनीच्या ॲपवर केली. माणूस आला, लिफ्टमधून तीनदा वर-खाली गेला. तिन्ही वेळा लिफ्ट पाहुण्यांपुढे वागणाऱ्या मुलासारखी नेमकी थांबली. माणूस गेला आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर तीन बोटे खाली थांबली. ॲपवर संदेश आला : आपली तक्रार दूर झाली आहे, कृपया तारे द्या. सुशांतने तारे दिले नाहीत. तर ॲप पुढची तक्रार घेईना. शेवटी त्याने पाच तारे दिले आणि त्यांच्याखाली नवी तक्रार लिहिली.

शेजाऱ्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही. तुंगाबाईंचे यजमान सुब्बाराव वर येऊन सोफ्यावर बसले.

"सुशांत, मी सांगतो ऐक. पाय स्वल्प वर उचलून ठेवायला सांग अक्काला."

"अण्णा, लिफ्ट खाली थांबली तर?"

"तर स्वल्प खाली ठेवायचा."

"आणि कुठे थांबलीय ते आधी कसं कळणार?"

सुब्बारावांनी थोडा विचार केला. "दार उघडल्यावर बघायचं की! त्यात काय?"

वॉकरवर चालणाऱ्या माणसाला आपल्या पायापुढचे चटकन दिसत नाही, ही गोष्ट सुब्बारावांच्या ध्यानात आली नव्हती. खरे तर खाली थांबणाऱ्या लिफ्टचे काय करायचे, या आपल्याच प्रश्नाचे उत्तर सुशांतलाही सापडले नव्हते. त्याने ऑनलाइन मागवलेली रबराची उतरण हा त्याचा पुरावा. पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी ती ठेवली, की लिफ्ट वर थांबलेली असताना वॉकर अलगद चढे. लिफ्ट खाली थांबलेली असली, की तीच उतरण कड्यासारखी उभी राही आणि आधी चार बोटांचे असलेले अंतर सहा बोटांचे होई.

उतरण ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी असोसिएशनचे अध्यक्ष विनोदकुमार ती नियमाविरुद्ध आहे, हे सांगायला पाचव्या मजल्यावर आले. ते चिकपेटेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून निवृत्त झालेले, बोलायला मोठे आणि त्या दिवशी हातात अवरेकाईच्या, इथल्या वालाच्या, शेंगांची भली मोठी पिशवी असलेले. दहा मिनिटे त्यांनी सुशांतला सामाईक जागेचा अर्थ समजावला. मग ते लिफ्टमध्ये शिरले. जाताना त्यांच्या पायाने उतरण सरकली, तिची पातळ कड दाराच्या खाचेत गेली, दार त्यावरच मिटले आणि लिफ्ट हातभर खाली जाऊन थांबली.

"काका, घाबरू नका!" सुशांत फटीतून ओरडला.

"मी घाबरलो नाही! तुझं नाव मी मिनिट्समध्ये लिहिणार!"

कंपनीचा माणूस बनेरघट्टा रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकला होता. तो येईपर्यंत विनोदकुमारांनी लिफ्टमध्ये बसकण मारून निम्म्या शेंगा सोलल्या. बाहेर आले तेव्हा पिशवीत एका बाजूला दाणे, एका बाजूला साले अशी नीट विभागणी होती, आणि चेहऱ्यावर मात्र तशी नव्हती.

सुशांतने चाचणीवाल्याचा मार्ग धरला. पुरावा नसेल तर चूक नसते, हे त्याच्या धंद्याचे पहिले सूत्र. त्याने लिफ्टमध्ये एक पट्टी दोरीने बांधली आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन केले : प्रत्येकाने लिफ्ट किती बोटे वर वा खाली थांबली ते मोजून कळवावे, वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. मंदार एन्क्लेव्हमध्ये चारांपैकी तीन घरांत कुणी ना कुणी संगणकावर काम करते. अशा लोकांना पगारवाढीनंतर दुसरा आनंद कशाचा असेल तर तो आकडे भरण्याचा. दोन दिवसांत आकड्यांचा पाऊस पडला. काही जण तर काही काम नसताना लिफ्टने वर-खाली करू लागले.

हे सगळे आकडे सुशांतने अभिमानाने कंपनीला पाठवले. दोन दिवसांनी कंपनीचे इंजिनिअर स्वतः अहवाल घेऊन आले. अहवाल एका ओळीचा होता. 'मजल्याशी जुळण्यातली सरासरी चूक : शून्य. शेरा : समाधानकारक.'

सुशांतने तो तीनदा वाचला. गणित बरोबर होते. लिफ्ट जेवढ्या वेळा खाली थांबे, तेवढ्याच वेळा तेवढीच वर थांबे. सगळ्या अधिकांनी सगळ्या उण्यांना खाऊन टाकले होते. त्याने जमवलेल्या पुराव्याने, त्याच्याच सहीने, लिफ्ट निर्दोष सुटली होती.

भार्गवी ऑफिसमधून आली तेव्हा तो अहवाल हातात घेऊन बसला होता.

"मग? फिक्स करतायत का?"

"सरासरीने ती करेक्टच आहे म्हणतात."

"मग आईंना सांग, सरासरीने चालत जा." भार्गवीने पर्स ठेवली. "सुशांत, तुला डेटा कुणी मागितला होता?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "केवलमूल्य घेतलं नाहीस का रे?"

श्यामलाबाईंनी साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर बीजगणित शिकवले होते. सुशांत त्यांच्या वर्गात नव्हता, ही त्याच्या आयुष्यातली मोठी सुटका, असे तो आजवर समजत आला होता.

रविवारी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा भरली. विषय : पाचव्या मजल्यावरील ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय. ज्येष्ठ नागरिक सभेला खाली येऊ शकत नव्हत्या. त्यामुळे भार्गवी वर थांबली आणि श्यामलाबाई व्हिडिओ कॉलवर हजर राहिल्या. सुशांतने फोन एका स्कूटरच्या सीटवर हेल्मेटला टेकवून ठेवला.

विनोदकुमारांनी अहवाल वाचून दाखवला. "झिरो म्हणतात. अजून काय पायजे?"

"काका, चार वर आणि चार खाली, त्याची बेरीज झिरो येते," सुशांत म्हणाला. "पण आई दोन्ही वेळा अडखळते. त्याचं केवलमूल्य घ्यायला हवं. ॲब्सोल्यूट व्हॅल्यू."

"ते काय की असतं?" सुब्बारावांनी विचारले.

सुशांतने सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात स्कूटरवरून आवाज आला. "मागं कोण कुजबुजतंय? आधी ऐका."

चौथ्या मजल्यावरच्या एका माणसाने हातातला फोन खिशात घातला.

"सुब्बाराव, तुम्ही ऑटोने जे. पी. नगरला बहिणीकडे जाता ना?"

"होय अक्का."

"जाताना समजा आठ किलोमीटर. येताना उलट्या दिशेने आठ. म्हणजे उणे आठ. बेरीज शून्य. तर घरी आल्यावर मीटर शून्य दाखवतो का?"

"अय्यो! तसला ऑटो कुठं मिळतो?"

"नाही मिळत. कारण ऑटो दिशा विचारत नाही, किती चाललो तेवढंच विचारतो. केवलमूल्य म्हणजे तेच. शून्यापासून किती लांब, एवढंच. कुठल्या बाजूला, ते नाही. लिहिताना संख्येच्या दोन्ही अंगांना एक एक उभी रेघ काढायची, लिफ्टच्या दारासारखी. आत गेलं की उणेचं चिन्ह बाहेर राहतं. अधिक चारचं केवलमूल्य चार, उणे चारचंही चार. आधी हे करायचं आणि मग सरासरी काढायची. तुम्ही आधी बेरीज केलीत, तिथं चुकलात."

सुब्बारावांनी मान डोलावली. "सरी. अक्का म्हणते ते बरोबर. मला ऑटोचं पटलं."

सभा तिथेच संपली असती, तर लिफ्ट त्याच आठवड्यात दुरुस्त झाली असती. पण दुसऱ्या मजल्यावरचा अद्वैत उभा राहिला. अद्वैतची स्वतःची स्टार्टअप आहे. तीत तो नेमके काय करतो हे त्याच्या वडिलांनाही माहीत नाही.

"आंटी, विथ रिस्पेक्ट," तो म्हणाला, "केवलमूल्य नको. वर्ग घ्या. उणेचा वर्गही अधिकच येतो, आणि मोठ्या चुकांना जास्त वजन मिळतं. सगळे इंडस्ट्रीत वर्गच घेतात."

"वर्ग घेतला की बोटांची चौरस बोटं होतात," स्कूटर म्हणाली.

"नंतर वर्गमूळ काढायचं!"

"मग आधी कशाला चढायचं, जर उतरायचंच आहे?"

हशा पिकला. अद्वैतला तो लागला. सुशांतलाही आईचा विजय आपलाच वाटला आणि हीच त्याची चूक झाली. त्याने उठून वर्गपद्धतीचे तीन दोष सांगितले. अद्वैतने केवलमूल्याचे चार सांगितले. कंपनीचे इंजिनिअर कोपऱ्यात चहा घेत उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही काय ते ठरवून लेखी द्या. तसं करू." आणि निघून गेले.

ठरले नाही. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर दोन नवे ग्रुप झाले, एक केवलमूल्यवाल्यांचा आणि एक वर्गवाल्यांचा. जुन्या ग्रुपवर मतदान सुरू झाले. आलेख आले. कुणी तरी अमेरिकेतल्या आपल्या प्राध्यापकाचे मत मागवले. ते इतके लांब आले, की दोन्ही बाजूंनी ते आपल्याच बाजूचे असल्याचे जाहीर केले. या काळात लिफ्ट पूर्वीप्रमाणेच चार बोटे वर आणि चार बोटे खाली थांबत राहिली. चूक कशी मोजावी यावर आपली माणसे जीव देतील; ती दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मात्र कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा असतो.

श्यामलाबाईंनी पंधरवडा मोजला होता. तो संपल्यावर त्यांनी भार्गवीकडून साताऱ्याच्या बसचे तिकीट काढून घेतले. भार्गवीने ते छापून फ्रिजवर चुंबकाखाली लावले. लावताना सुशांतकडे बघितले.

त्याच दुपारी नागपूरहून सुशांतच्या बहिणीचा, नयनाचा फोन आला. दर रविवारी येतो. सुशांत बाल्कनीत उभा राहून बोलत होता.

"आई बरी आहे गं. सकाळी छान असते, पेपर वाचते, भार्गवीशी बोलते. संध्याकाळी जरा गप्प गप्प. पण एकंदरीत ठीक."

फोन ठेवून तो वळला तर श्यामलाबाई वॉकर धरून दारात उभ्या.

"एकंदरीत ठीक," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, तिला काळजी नको वाटायला..."

"तुझा अहवाल त्या इंजिनिअरसारखाच असतो रे. सकाळची मी अधिक, संध्याकाळची उणे. जमलं. समाधानकारक." आवाजात राग नव्हता, फळ्यावरचे उत्तर तपासताना असतो तसा कोरडेपणा होता. "सकाळीही मीच असते आणि संध्याकाळीही मीच असते."

त्या आत गेल्या. सुशांत बाल्कनीत थांबला. खाली होंगेच्या झाडाखालचा बाक दिसत होता. बाकाच्या एका टोकाला तुंगाबाई बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला त्यांनी आपली पिशवी ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. सुशांतने आजवर हा बाक वरून कधी पाहिला नव्हता.

तो सरळ दुसऱ्या मजल्यावर गेला, जिन्याने. अद्वैतने दार उघडले.

"तुझं वर्गाचं मान्य आहे मला," सुशांत म्हणाला. "केवलमूल्य मागे घेतो. लेखी देऊ आणि काम करून घेऊ."

अद्वैतचा चेहरा पडला. "ओह. ॲक्चुअली सुशांत, मी सकाळीच ग्रुपवर टाकलंय. आंटींसाठी म्हणून मी केवलमूल्याला सपोर्ट दिला. आता वर्ग म्हटलं तर माझे लोक मला सोडणार नाहीत."

दोघेही दारात उभे राहून एकमेकांची बाजू एकमेकांना पटवू लागले. ते नेमके किती वेळ चालले असते ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात विनोदकुमार जिना चढत आले. शेंगांच्या प्रकरणापासून तेही लिफ्ट वापरत नव्हते. त्यांना धाप लागली होती.

"तुम्ही दोघं," ते म्हणाले, "गप. मी लिहून दिलं कंपनीला."

"काय लिहिलं?"

"वर असो, खाली असो, एका बोटापेक्षा जास्त एकदाही चालणार नाही. सरासरी नको आम्हाला. प्रत्येक वेळी एका बोटाच्या आत. नाहीतर मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट बंद. बास."

सुशांतने आणि अद्वैतने एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही एकाच वेळी कळले, की अध्यक्षांनी जे लिहिले होते ते केवलमूल्यच होते, दोन रेघा न काढता. दोघांनीही ते विनोदकुमारांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी कदाचित पत्र परत मागवले असते.

कंपनीची माणसे आली. लिफ्ट दिवसभर बंद ठेवून त्यांनी मोटारीवरची कसली तरी चकती बदलली. संध्याकाळी सुशांतने पट्टी घेऊन मजल्यामजल्यावर मोजले. तळापासून चौथ्यापर्यंत फरक हाताला लागत नव्हता. पाचव्यावर मात्र लिफ्ट एक बोट वर थांबत होती.

"एक बोट चालतं," विनोदकुमार म्हणाले. "मी लिहिलंय."

"कुणाचं बोट?" सुशांतने विचारले. त्याच्या बोटाने मोजले तर फरक जरा जास्त भरत होता. सुब्बारावांनी आपला अंगठ्याशेजारचे जाड, अंगठीवाले बोट लावून पाहिले. फरक त्याच्या आत आरामात बसत होता. पत्रात बोट कुणाचे ते लिहिलेले नव्हते. कंपनीने हा मुद्दा वरिष्ठांकडे पाठवला आहे. उत्तर आलेले नाही.

तिकीट उद्या रात्रीच्या बसचे आहे. अजून फ्रिजवरच आहे. रद्द झालेले नाही, आणि बॅगही भरलेली नाही. भार्गवीने दोनदा विचारले. श्यामलाबाई म्हणाल्या, "बघू."

आज संध्याकाळी सव्वापाचला खालून तुंगाबाईंचा फोन आला. "अक्का, मी पिशवी काढली बाकावरची. येते की नाही? नाहीतर ती पवित्राची सासू येऊन बसेल, आणि ती नुसती सुनेचं बोलते."

श्यामलाबाईंनी साडी नीट केली आणि वॉकर घेऊन लिफ्टपाशी आल्या. भार्गवी एका बाजूला, सुशांत दुसऱ्या. सुशांतने बटण दाबले. दार उघडले. तो सवयीने पट्टी घेऊन खाली वाकला.

"पट्टी काढ तिथून," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि मागं हो."

"आई, एक बोट वर आहे."

"दिसतंय मला. केवढं आहे ते मला बघू दे."

तो मागे झाला. श्यामलाबाईंनी वॉकरचे पुढचे पाय उचलले, अंदाज घेतला आणि लिफ्टच्या तळावर टेकवले. दार मिटायला आले, वॉकर पाहून पुन्हा उघडले. पुन्हा आले, पुन्हा उघडले. श्यामलाबाई दाराच्या दोन कडांमध्ये उभ्या राहून खाली बघत होत्या.

शेवटची माहिती हाती आली तेव्हा वॉकरचे पुढचे दोन पाय लिफ्टमध्ये होते आणि मागचे दोन पाचव्या मजल्यावर.